गोल ओढला की खालचा पण सोबत येतो, काय करू?

चित्रवेडी: प्रोसेसिंगमध्ये (कोड लिहून चित्रं काढायची भाषा) गोलाचा क्लास (साचा) लिहिलाय, त्यातून बनवलेले सगळे ऑब्जेक्ट एका अ‍ॅरेत (यादीत) ठेवलेत, माऊसने ओढता येतात पण एकावर एक आले की दोन्ही सरकतात. शिवाय धरल्याधरल्या गोल टुणकन उडतो नि त्याचं केंद्र कर्सरखाली येतं. कुठे बघू?

लूपवाला: प्रत्येक गोल स्वतःच माऊस तपासत असणार, म्हणून दोघंही हो म्हणतात. निवड बाहेर कर. माऊस दाबला की अ‍ॅरे शेवटापासून उलटी फिरव, कारण शेवटी काढलेला आकार सगळ्यात वर दिसतो, आणि कर्सरखालचा पहिला सापडला की ब्रेक, म्हणजे फिरणं थांबव. तोच एका व्हेरिएबलमध्ये ठेव, बटण सोडलं की नल (रिकामं).

रेघोट्या: उडीचं सांगते. दाबताना माऊस आणि केंद्र यांतला फरक साठवायचा, ओढताना तो वजा करायचा. माऊस १०५ वर, केंद्र १०० वर, तर फरक ५, मग माऊस २०० वर गेला की केंद्र १९५. हे एक्सचं (आडवं), वाय (उभ्या) साठीही तसंच.

चित्रवेडी: जमलं, मस्तच!! आता चौकोन पण हवेत.

लूपवाला: मग आकार हा मूळ क्लास कर, गोल नि चौकोन त्यातून बनव, 'माऊस आत आहे का' ही मेथड (क्लासमधलं फंक्शन) प्रत्येकाची वेगळी. गोलात माऊसचं केंद्रापासून अंतर त्रिज्येपेक्षा कमी का बघायचं, चौकोनात माऊस चार कडांच्या आत आहे का. ओढायच्या कोडला हातही लावावा लागत नाही, मला तर ओओपीत (ऑब्जेक्ट वापरून कोड लिहायची पद्धत) हेच सगळ्यात आवडतं.