प्रतिसाद: ट्रान्सफरच्या आधी सुया टोचून घ्याव्यात का?

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करणाऱ्या एका ताईंनी हे विचारलंय, त्यांना कुणीतरी सांगितलंय की एम्ब्रियो ट्रान्सफरच्या, म्हणजे लॅबमध्ये तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडायच्या दिवशी ॲक्युपंक्चर केलं की चान्सेस दुप्पट होतात, तर हे खूळ बहुतेक २००२ च्या जर्मन स्टडीतून आलंय, १६० बायका होत्या, सुयावाल्यांत ४२.५ टक्के प्रेग्नन्सी आणि बाकीच्यांत २६.३, त्यामुळे जगभर दुकानं सुरू झाली. पण २०१८ ला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ८४८ जणींवरच्या ट्रायलचा निकाल आला, निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना नुसत्या टेकवायच्या, आत न जाणाऱ्या. मूल झालं १८.३ आणि १७.८ टक्के जणींना. म्हणजे फरक जवळपास शून्यच की!

टेन्शन कमी होतं म्हणून करायचं असेल तर खुशाल करा, अर्धा तास शांत पडून तरी राहता येतं (घरी कोण पडू देतंय). फक्त सुयांच्या पॅकेजचे पैसे आयव्हीएफच्या इंजेक्शनांच्या बजेटमधून काढू नका, आणि सुया डिस्पोजेबल आहेत ना, पाकीट समोर फोडतात ना, ते बघा. प्रेग्नन्सी राहिली तर सुया टोचणाऱ्यांना आधी सांगा, घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वरचा पॉइंट तेव्हा शक्यतो टाळतात.

मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं, दोन टेंडनच्या (हाताला लागणाऱ्या दोऱ्यांसारख्या कडक पट्ट्यांच्या) मधे दाबून बघा, फुकट आहे.