बादिससमोरचा खडक स्पेनचा कसा?

खाडीकर: काल ‘भूगोलप्रेमी’ यांनी जगातली सर्वांत छोटी सरहद्द म्हणून पेन्योन दे वेलेझ या खडकाचा फोटो टाकला आणि खाली ठोकून दिलं, “1564 पासून स्पेनकडे आहे, तेव्हा मोरोक्कोचं अस्तित्वही नव्हतं, विषय संपला.” असा नाही संपत विषय, साहेब.

मोरोक्कोच्या उत्तर किनाऱ्यावर, बादिस गावाच्या अगदी पुढ्यात आहे हा खडक. वर तटबंदी, आत मूठभर स्पॅनिश शिपाई, बाकी चिटपाखरू नाही. 1934 च्या वादळात वाळू साचून बेट किनाऱ्याला चिकटलं, तेव्हापासून ही 85 मीटरची सरहद्द. सरहद्द म्हणजे काय, तर वाळूवर टाकलेला निळा दोर! आणि अस्तित्व नव्हतं म्हणता? तेव्हा तिथे सादी घराण्याचा सुलतान राज्य करत होता. तुमचाच न्याय लावायचा तर 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा भारतीय प्रजासत्ताक तरी कुठे होतं? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचं सरकार हेच तर म्हणत होतं.

भूगोलप्रेमी: आलं गोवा कार्ड! गोव्यात लाखो माणसं राहत होती हो, या खडकावर कोण राहतं? शिवाय 1564 मध्ये स्पेनने तो ऑटोमन तुर्कांच्या छत्राखालच्या चाच्यांकडून घेतला, मोरोक्कोकडून नव्हे. सुलतानालाही तुर्कांचीच धास्ती जास्त होती. आणि संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतींच्या यादीत सेउता, मेलिया ही मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची स्पॅनिश शहरं किंवा हे खडक नाहीत, जिब्राल्टर आहे. जरा वाचत जा.

नारळीभात: जिब्राल्टर काढलंतच तर ऐका. 1713 मध्ये उत्रेख्तच्या तहात स्वतः सही करून ब्रिटनला दिलेला खडक स्पेन अजून परत मागतोय, आणि दुसऱ्याच्या दारातला मात्र सोडत नाही. आपला तो बाब्या!

आता थोडं अवांतर. एका युरोपीय वकिलातीने आमचा व्हिसा नाकारला. कारण काय, तर “परत जाण्याचा इरादा पटत नाही.” साडेचारशे वर्षं दुसऱ्याच्या किनाऱ्यावर ठाण मांडणाऱ्या खंडाने हे म्हणावं!

भूगोलप्रेमी: व्हिसाची उणीदुणी इथे कशाला?

काणकोणकर: मला ‘गोवा कार्ड’ खटकलं. लोकवस्तीच हवी, तर अंजदीव घ्या. कारवारसमोरचं बेट, पण गोव्याचं. 1505 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदाने तिथे कोट बांधला. माझी आजी 2 फेब्रुवारीच्या फेस्ताला होडीने जायची. मांडीवर सान्नांचा डबा, पदरात मेणबत्त्या गुंडाळलेल्या, भिजू नयेत म्हणून. आता बेट नौदलाचं संरक्षित क्षेत्र झालंय आणि फेस्ताच्या होड्या बंद. झेंडा बदलला, आमची वाट बंद झाली ती झालीच.

खाडीकर: डिसेंबर 1961 मध्ये त्या बेटावर नौदलाचे सात जवान पडले. पांढरं निशाण दाखवून गोळ्या घातल्या पोर्तुगीजांनी. त्याआधी नोव्हेंबरात साबरमती बोटीवर गोळीबार झाला होता. आणि तुम्हाला फेस्ताचं पडलंय? शोभतं का हे?

काणकोणकर: जवानांबद्दल मी एक शब्द तरी वावगा बोललो का? लोकांनी वर्षातून एक दिवस मेणबत्ती लावली तर कोणाची सुरक्षा धोक्यात येते, एवढंच विचारतोय. देशभक्तीचं प्रमाणपत्र तुमच्याकडून नको.

नारळीभात: काणकोणकरांना +1. वकिलातीपासून फेस्तापर्यंत सगळीकडे एकच, आम्ही सांगू तेव्हा या.

भूगोलप्रेमी: वा खाडीकर! म्हणजे सुरक्षेसाठी सैन्य बसवलं की किनाऱ्यावरच्यांनी तोंड मिटून बसायचं. स्पेनचं म्हणणं याहून वेगळं काय आहे? ऑगस्ट 2012 मध्ये काही मोरोक्कन कार्यकर्ते खडकावर झेंडे लावायला गेले, त्यांनाही हेच ऐकावं लागलं असणार.

खाडीकर: अंजदीव आपल्या घरातलं भांडण आहे, वेलेझ परक्याने बळकावलेलं. एवढा फरक कळत नसेल तर बोलणं खुंटलं. चाच्यांचा मुद्दा मान्य, घ्या, पेढे वाटा! पण स्पेनने तो खडक आधी 1508 मध्ये घेतला होता आणि 1522 मध्ये मोरोक्कनांनी परत जिंकला होता, हे सोयीस्करपणे गाळलंत. चोराकडून माल घेतला म्हणून मूळ मालक बदलत नाही.

भूगोलप्रेमी: मूळ मालक शोधायला निघालात तर रबातला, म्हणजे मोरोक्को सरकारलाही जड जाईल. याच डोंगरातल्या रिफी लोकांनी 1921 मध्ये स्वतःचं प्रजासत्ताक काढलं होतं, ते स्पेनने फ्रान्सला सोबत घेऊन 1926 मध्ये मोडलं. खडक परत करायचाच, तर सुलतानाच्या वारसांना की त्यांना? आधी ते ठरवा, मग निळा दोर काढा.