दुखत नाही म्हणूनच उशीर होतो
"लोक निष्काळजी असतात म्हणून पायाची जखम अंगावर काढतात" हे मधुमेह असलेल्यांबद्दल इथे कुणीतरी मांडलेलं मत पटलं नाही. माझे मामा मधुमेहाच्या गोळ्या कधी न चुकवणारे. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्या, तळव्याला फोड आला, फुटला. दुखत नव्हतं, म्हणून हळद लावून चालत राहिले. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की दुखणं हा इशाराच बंद पडतो, आणि जखम चिघळली तरी बऱ्याच जणांना तापही येत नाही. मामांच्या बाबतीत पहिली खूण ग्लुकोमीटरवर दिसली होती: खाणं तेच, गोळ्या त्याच, साखर मात्र एकाएकी चढलेली. पायाच्या चिघळलेल्या जखमेमुळे ती चढली असेल, हा संबंध कुणी जोडलाच नाही. शेवटी पायाची करंगळी काढावी लागली.

इथे अजून कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते, १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या एका तंतूने, तळव्याची संवेदना काही मिनिटांत तपासता येते. वर्षातून एकदा डॉक्टरांकडे स्वतःहून मागून ही तपासणी करून घ्या. ओपीडीच्या गर्दीत चप्पल काढायला सांगतीलच असं नाही. आणि कृपा करून जखमेचा पाय गरम पाण्यात बुडवू नका, पाणी किती गरम आहे ते त्या पायाला कळतच नाही.