सिस्टिम पर्लमध्ये (डेबियनसोबत येणाऱ्या पर्ल भाषेत) सीपॅनची (पर्लच्या सार्वजनिक भांडाराची) मॉड्यूल्स घुसवू नका, स्पष्ट मत

रात्रपाळी:
शनिवारी डेबियन लिनक्स ११ वरून १२ केलं आणि एपीटीनेच, म्हणजे पॅकेज टाकणाऱ्या टूलनेच, मान टाकली. कुठलंही पॅकेज टाका, डेबकॉन्फ (पॅकेजची सेटिंग्ज विचारणारा प्रोग्राम) एकच रडगाणं गातोय, 'लोडेबल लायब्ररी अँड पर्ल बायनरीज आर मिसमॅच्ड', म्हणजे मॉड्यूल एका पर्लचं आणि चालतंय दुसरं. दोन तास घातले, मग पर्लला डॅश कॅपिटल व्ही देऊन पाहिलं तर @इंकमध्ये (पर्ल मॉड्यूल्स शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) सगळ्यात वर रूटच्या होममधलं पर्ल५ फोल्डर. कधीकाळी मीच सीपॅनची मॉड्यूल्स होममध्ये ठेवायला लोकल-लिब लावून, पर्लला जादा फोल्डर दाखवणारी पर्ल५लिबची ओळ रूटच्या बॅशआरसीत (शेलच्या सेटिंग फाईलमध्ये) टाकली होती आणि विसरलो होतो. त्यातली मॉड्यूल्स ५.३२ साठी कंपाइल झालेली, आता पर्ल ५.३६, आणि डेबकॉन्फ स्वतःच पर्लमध्ये लिहिलेलं असल्याने त्याने तीच शिळी उचलली. ओळ काढली, सगळं सुरळीत. म्हणून म्हणतो, एका घरात दोन चुली नकोत, आपल्या ॲपला पर्लब्रू या टूलने वेगळं पर्ल बांधा, मॉड्यूल्सची व्हर्जन्स कार्टन या टूलने लॉक करा, सिस्टिमचं पर्ल डेबियनला राहू द्या.

जुनी_खोड:
ओळ तू टाकलीस आणि दोष सीपॅनला? नाचता येईना अंगण वाकडं. आणि पर्लब्रूवाल्या पर्लला सिक्युरिटी पॅच कोण लावणार, तू? दर वेळी नव्याने बांधून? मी निमूट एपीटीची मॉड्यूल्स वापरतो, अपडेट आपोआप येतात, प्रॉडक्शनवर कंपायलरही ठेवावा लागत नाही.

कांदेपोहे:
जुनी_खोड, तुमचं बरोबर आहे पण एपीटीत हवं ते व्हर्जन नसलं की काय करायचं ते सांगा ना, नुसतं निमूट बसून कोड चालत नाही. बाकी रात्रपाळी, पर्ल५लिबचा अजून एक ताप म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा क्रॉन बॅशआरसी वाचत नाही, हाताने स्क्रिप्ट मस्त चालते आणि रात्री दोनला 'कान्ट लोकेट' (मॉड्यूल सापडत नाही) म्हणून मरते. मी आता स्क्रिप्टमध्ये आधी %इंक (लोड झालेली मॉड्यूल्स आणि त्यांच्या फाईल्स) छापतो, डीबीआय (डेटाबेसचं मॉड्यूल) नक्की कुठल्या फाईलमधून आलं ते कळतं, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

रात्रपाळी:
पॅच लावायचे कष्ट मान्य. पण निदान माझ्या ॲपने एपीटी तरी मरणार नाही.

जुनी_खोड:
बरं, डीबीडी-मायएसक्यूएल (मायएसक्यूएल डेटाबेसला जोडणारं मॉड्यूल) टाकून दाखव. सीपॅनवरचं ५ सीरिजचं मारियाडीबीच्या (मायएसक्यूएलच्या भावंड डेटाबेसच्या) क्लायंट लायब्ररीवर बिल्डच होत नाही, आणि डेबियनच्या रेपोत तीच आहे.

रात्रपाळी:
माहितीये, जुन्या ४.०५० व्हर्जनवर पिन करतो. नाहीतर तेवढं एक एपीटीचं घेईन, बाकी कार्टनमध्ये.

जुनी_खोड:
घे की. एपीटीचं डीबीडी सिस्टिम पर्लसाठी कंपाइल झालेलं, ते तुझ्या पर्लब्रूच्या पर्लने लोड केलं की परत तोच मिसमॅच. दोन चुली नकोत कोण म्हणत होतं रे?