डोटा २: पहिल्या सामन्यात तुम्हाला काय दिसलं?

डोटा शिकवणारे व्हिडिओ ढिगाने पडलेत. इथे ते नकोत. ज्यांनी हा कॉम्प्युटरवरचा ऑनलाइन खेळ एकदा तरी उघडलाय त्यांनी पडद्यावर पहिल्यांदा काय दिसलं आणि डोक्यात काय आलं, तेवढं लिहा. खेळ सोडला असेल तरी लिहा, उलट त्यांनी तर नक्कीच लिहा. लीग ऑफ लेजंड्स, मोबाइल लेजंड्स, पोकेमॉन युनाइट असे याच जातीचे खेळ खेळणाऱ्यांनाही मज्जाव नाही.

ज्यांना यातलं ओ का ठो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पाच विरुद्ध पाच, प्रत्येकाच्या हाती एक हिरो. नकाशाच्या एका कोपऱ्यात रेडियंट, समोरच्या कोपऱ्यात डायर. मधे तीन वाटा, त्यांना लेन म्हणायचं, आणि प्रत्येक लेनवर दोन्हीकडचे टॉवर. दर ३० सेकंदांनी दोन्ही बाजूंनी क्रीप नावाचे शिपाई निघतात आणि मधे येऊन एकमेकांवर आपटतात. समोरच्यांचा एन्शंट, म्हणजे त्यांच्या तळावरची मुख्य इमारत, पाडला की सामना जिंकला. कोणी किती हिरो मारले, याला शेवटी काही अर्थ नाही.

माझं सांगते. मला मारामारीची अपेक्षा होती, आणि दिसलं काय, तर दोन हिरो क्रीपच्या गर्दीमागे नुसते पुढे-मागे करतायत. मला वाटलं नेट अडकलं. मग कळलं की क्रीपला शेवटचा घाव ज्याचा, सोनं त्याचं. बाकीच्यांनी कितीही बडवलेलं असो. त्यामुळे सगळे त्या एका क्षणाची वाट बघत हात राखून उभे असतात. शांत दिसणाऱ्या त्या लेनवर खरं तर अत्यंत हावरट काहीतरी चालू होतं, आणि मला ते आवडलं.

बी_विंग_दुसरा_मजला

आमच्या वेळी डोटा २ नव्हता. वॉरक्राफ्ट ३ च्या फ्रोझन थ्रोनवर चालणारा एक नकाशा, तो म्हणजे डोटा. होस्टेलच्या लॅनवर डीसी प्लस प्लसमधून फाइल उतरवायची, नवी आवृत्ती आली की सगळ्या विंगने एकदम. आइसफ्रॉग नावाचं कुणीतरी तो नकाशा सांभाळतं एवढंच माहीत. त्या आइसफ्रॉगला पुढे २००९ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने नोकरीवर घेतलं आणि जुलै २०१३ मध्ये डोटा २ अधिकृतपणे बाजारात आला, तोवर आमची पोरं नोकरीला लागली होती.

मला डोटा आधी दिसला नाही, ऐकू आला. रात्री दीडला कॉरिडॉरमधून कोणीतरी बोंबलतोय, "मिड मिस! मिड मिस!" मला वाटलं मोबाइल हरवला असेल. अर्थ असा की मधल्या लेनवरचा शत्रू गायब झालाय, तुमच्याकडे येत असेल, मागे व्हा. व्हॉइस चॅट वगैरे भानगड नव्हती, दारं उघडी ठेवायची.

मग एका सीनियरच्या मागे उभा राहून बघायला लागलो. तो स्वतःच्याच क्रीपला मारत होता. मी म्हटलं, "अरे, आपलाच आहे तो." तो मान न वळवता म्हणाला, "म्हणूनच मारतोय." याला डिनाय म्हणतात. आपल्या क्रीपचा जीव निम्म्याखाली गेला की आपणच त्याला संपवू शकतो, म्हणजे समोरच्याला सोनं मिळत नाही आणि अनुभवाचे गुणही कमी पडतात. एखाद्या खेळात आपल्याच माणसाला मारणं ही शहाणी चाल असू शकते, हे काही मला त्याआधी सुचलं नव्हतं. त्या सेमिस्टरचं पुढे काय झालं ते विचारू नका.

वॉर्ड_कुठे_लावू

सविस्तर लिहिते, कारण सपोर्टवाल्यांचं कोणी विचारत नाही.

मैत्रीण म्हणाली, "तू सपोर्ट घे, सोपं असतं." क्रिस्टल मेडन नावाची हिरो दिली. चालायला मंद, जीव अर्धवट, जरा पुढे गेलं की मरायचं. पाच जागा असतात: कॅरी, मिड, ऑफलेन, मग चार आणि पाच नंबरचे सपोर्ट. पाच नंबर म्हणजे जो स्वतः गरीब राहून कॅरीला श्रीमंत होऊ देतो. पूर्वी तर संघाचा कुरिअर, म्हणजे दुकानातून सामान आणून देणारं ते गाढव, सपोर्टनेच पदरच्या सोन्याने घ्यायचं. प्रत्येकाला फुकट स्वतंत्र कुरिअर मिळायला २०१९ उजाडलं. आता ऑब्झर्व्हर वॉर्डलाही, म्हणजे जिथे लावू तिथला भाग दाखवणाऱ्या खुंटीलाही, पैसे पडत नाहीत. मी या सुखाच्या काळात आले.

नकाशाचा बहुतेक भाग काळोखात असतो. आपलं माणूस, टॉवर किंवा क्रीप जिथे आहे तेवढंच दिसतं, त्यातही झाडं आडवी येतात आणि उंचवट्यावरचं खालून दिसत नाही. मी नदीकाठच्या एका उंचवट्यावर पहिला ऑब्झर्व्हर वॉर्ड लावला. झाडीतला अख्खा पट्टा उजळला आणि त्यात शत्रूचे तिघे आमच्या कॅरीच्या दिशेने चाललेले दिसले. त्यांना पत्ता नाही की मी बघतेय. माझ्यासाठी डोटा त्या क्षणी सुरू झाला. हिरोला मारताना नाही.

मी धडाधड पिंग केलं, म्हणजे नकाशावर इशाऱ्याच्या खुणा केल्या. कॅरीने ढुंकून पाहिलं नाही, तिथेच मेला आणि लिहिलं: "सपोर्ट किधर है". मग मी माइकवर काय दिसलं होतं ते सांगितलं. उत्तर आलं, "अरे, लडकी है क्या?" पुढची काही मिनिटं सामना बाजूला आणि माझी चौकशी सुरू. एकाला म्यूट केलं, मग दुसऱ्याला. चौथा होता तो इंडोनेशियन असावा. तो एक अक्षर बोलला नाही, पण माझ्यावर कोणी चालून आलं की दरवेळी मधे येऊन उभा राहायचा. सामना हरलो. त्याला मी कमेंड दिलं, म्हणजे काय ते तेव्हा नीट माहीतही नव्हतं, अंगठा दिसला म्हणून दाबला.

आता माइक कायम बंद. यावर "दुर्लक्ष करायचं गं" असा सल्ला येणार हे ठाऊक आहे. तो सल्ला त्या कॅरीला द्या. आणि सपोर्ट सोपं असतं असं जो म्हणतो, तो बहुतेक कॅरीच खेळत असतो.

रात्रपाळी

एक सामना खेळलो आणि काढून टाकला. फुकट आहे म्हणून घेतला होता. पाऊण तास चालला, त्यातला निम्मा वेळ मी मेलेलो. सामना जसा लांबतो तसा परत जिवंत व्हायचा वेळही वाढतो, राखाडी पडद्याकडे बघत बसा. अनोळखी लोकांबरोबर असाल तर मधेच हार मानायचीही सोय नाही. लीग ऑफ लेजंड्समध्ये निदान १५ मिनिटांनंतर मतदान घेता येतं. खेळ वाईट म्हणत नाही. ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याच्यासाठी नाही, इतकंच.

नाशिकची_आई

मी खेळत नाही, पण आमच्या घरी खेळ चालतो, म्हणून लिहू का? लिहिते.

माझं पहिलं मत एका शब्दात: पॉज. "जेवायला चल" म्हटलं की उत्तर, "आई, हा ऑनलाइन आहे, पॉज होत नाही." मी त्यावर विश्वास ठेवला. मग एकदा त्याच्या मित्राचं नेट गेलं आणि पडद्यावर स्वच्छ पॉजची पाटी आली! मी विचारलं, हे काय? तर म्हणे पॉज होतो, पण बाकीचे नऊ जण थांबायला हवेत, समोरच्यांपैकी कुणीही परत चालू करू शकतो. आणि उठून गेलं तर? पाच मिनिटं बाहेर राहिलं की 'अबँडन' लागतो, मग लो प्रायॉरिटीच्या रांगेत टाकतात आणि तिथून सामने जिंकूनच सुटका. म्हणजे ताट वाढल्यावर उठला, तर शिक्षा होते. हे त्याने आधी नीट सांगितलं असतं तर कितीतरी भांडणं टळली असती. आता आमचा नियम आहे: सामना सुरू करायच्या आधी स्वयंपाकघरात येऊन विचारायचं. कुकर लागला असेल तर नवा सामना नाही.

२०२२ मध्ये बर्मिंगहॅमला भारताच्या डोटा संघाने कांस्य मिळवलं ते त्याने मला पुराव्यासारखं दाखवलं. मी वाचलं. ती राष्ट्रकुल स्पर्धांच्या जोडीने भरवलेली वेगळी ईस्पोर्ट्स स्पर्धा होती, मुख्य पदकतालिकेतली नव्हे. तसं त्याला सांगितलंही. तरी कौतुक वाटलंच.

अंगठेबहाद्दर

पीसी नव्हता, त्यामुळे आपलं सगळं मोबाइल लेजंड्सवर. पहिलं मत: इतक्या छोट्या पडद्यावर दहा जणांचे रंगीत फटाके, आपला हिरो कुठला तेच कळेना. सवय लागते न लागते तोच २९ जून २०२०, सरकारने ५९ ॲप बंद केली त्या यादीत हेही. रँक, स्किन, सगळं हवेत.

मग २०२१ च्या सप्टेंबरात पोकेमॉन युनाइट फोनवर आलं. दहा मिनिटांत खेळ खल्लास, टॉवर पाडायचे नाहीत, जंगलातले पोकेमॉन मारून जमवलेले गुण समोरच्याच्या गोलात नेऊन टाकायचे. डोटावाले याला पोरांचा खेळ म्हणतात. म्हणू देत. बसमध्ये डोटा खेळून दाखवा.

गावठी_पुज

मला विचाराल तर ही कबड्डी आहे. एकटा आत घुसला की मेला, साखळी धरली की जिंकले. पुज नावाच्या हिरोचा हूक म्हणजे तर सरळ पकड, माणूस ओढून आपल्या हद्दीत. बघताक्षणी जमलं मला काय ते.

बी_विंग_दुसरा_मजला

नाही जमत हो. कबड्डीत बाद झालेला गडी आत येतो तो आपल्या गड्याने समोरचा मारला की. डोटात मेलेला आपोआप परत येतो, वेळ झाली की. पण मरताना समोरच्याला सोनं देऊन जातो, ते खरं नुकसान. म्हणून सारखं मरणाऱ्याला फीडर म्हणतात: शत्रूला पोसणारा.

गावठी_पुज

पकड तरी मान्य करा की राव.

वरळीला_होतो

एप्रिल २०१९, वरळीचा एनएससीआय डोम, ईएसएल वन मुंबई ही डोटाची स्पर्धा. भावाने ओढून नेलं. मी तोवर डोटाचं चित्रसुद्धा पाहिलेलं नाही. अंधार, प्रचंड पडदे, खेळाडू काचेच्या खोलीत, आणि समालोचक श्वास न घेता बोलतायत. मला फक्त रंग दिसत होते. गर्दी भलत्याच वेळी ओरडत होती. कोणी मरत नव्हतं तरी लोक उठून उभे! भाऊ म्हणाला, "ब्लिंक आला त्याचा." त्या अर्थशेकरला, म्हणजे एका मोठ्या टोटेमवाल्या राक्षसाला, क्षणात उडी मारायचं खंजीर मिळालं होतं. आता तो कधीही, कुठूनही येऊन सगळ्यांना एका धक्क्यात लोळवू शकतो. पुढची बरीच मिनिटं काहीच झालं नाही आणि तरी समोरचे पाच जण घाबरून एकमेकांपासून लांब लांब चालत होते. ते मला दिसलं, म्हणजे समजलं असं म्हणू. प्रत्यक्ष धक्का बसला तेव्हा मीही ओरडलो, योग्य वेळी.

खेळून पाहिलं नंतर. खेळण्यापेक्षा बघण्यात जास्त मजा, हे माझं मत अजून कायम आहे.

कालच_आलो

काल रात्री पहिल्यांदा, तेही बॉटविरुद्ध, म्हणजे कॉम्प्युटरच खेळवतो त्या हिरोंविरुद्ध. माझा हिरो झाड खातो!! टँगो म्हणून वस्तू आहे, ती झाडावर वापरली की झाड नाहीसं आणि जखम हळूहळू भरते. मी मजेत सगळी झाडं खाल्ली, त्याने मी लपायचो तीच झाडी विरळ झाली आणि बॉटने येऊन मारलं. १२० च्या वर हिरो आहेत म्हणे, मला सध्या स्निपर एवढाच येतो. त्याला लांबून गोळ्या मारता येतात, त्यामुळे जवळ जायची भीती नाही. माणसांबरोबर खेळायचा धीर होत नाहीये. वर वाचून तर आणखीच गेला.

वॉर्ड_कुठे_लावू, तुमच्या संघात पाचवा हवा असेल तर सांगा. मला वॉर्डची जागा कळत नाही, पण कोणी चालून आलं तर मधे येऊन उभा राहीन.