सावकाराला मुदतवाढ देव देतो, मग व्याज आम्ही का भरायचं?

मांजराकाठचा
सगळ्यांना सलाम. मी लातूरकडचा, आमच्या घरातली ख्रिस्ती ही तिसरी पिढी. प्रश्न जुनाच आहे, पण चर्चमधल्या पंख्यामुळं परत डोक्यात बसलाय.

2015 च्या दुष्काळात बोअर मारायला वडिलांनी गावातल्या एकाकडून दीड लाख उचलले, महिन्याला शेकडा पाचनं. त्यानं सव्वादोन एकराचं खरेदीखतच करून घेतलं. बोली अशी, की पैसे फिटले की खरेदी पलटवून देतो. बोअरमधून नुसता फुफाटा निघाला. महिन्याला साडेसात हजार याप्रमाणं तीन वर्षांत दोन लाख सत्तर हजार व्याज गेलं, मुद्दल जागच्या जागी. 2019 ला वडील वारले. आता सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे आणि तेच रान मी त्याच्याकडून बटईनं करतो.

तर हा माणूस सप्त्याला पंगत देतो, तसे आमच्या चर्चला चार पंखे दिले. पात्यांवर लाल रंगात नाव. पंखा फिरत असला की दिसत नाही. मागच्या रविवारी उपदेश चालू असताना लाइट गेली. पाळक मत्तय 13 मधला निदणाचा, म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाचा, दृष्टांत सांगायलेत, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या म्हणून, अन् माझ्या डोक्यावर पंखा मंद होत होत ते नाव एकेक अक्षर वाचता यायलंय.

देव सहनशील आहे, पाप्याला पश्चात्तापाला वेळ देतो, हे 2 पेत्र 3:9 मला पाठ आहे. पण त्याला मिळालेल्या मुदतीचं व्याज आमच्या घरानं का भरायचं? प्रार्थना करतो म्हणू नका कृपा करून. उत्तर असलं तर द्या.

विश्वासू सेवक
जय ख्रिस्त, बंधू. रोमकरांस 8:28 वाचा. देवानं तुमच्या विश्वासाची परीक्षा घेण्यासाठीच हे होऊ दिलं. सगळं भल्यासाठीच असतं.

तेरणेकडची
सेवक दादा, राग मानू नका, पण असं उत्तर मी नऊ वर्षांची असताना ऐकलंय. 30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून आलेली माणसं झोपली होती, पहाटे चारच्या आसपास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली. दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंती, वर मातीचं जड माळवद, सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. माझी आजी त्यात होती. नंतर तंबूत बायका म्हणायच्या, गावाचं पाप भरलं होतं. आजीचं कुठलं पाप? तिनं शेजारणीची वाटीभर साखरसुद्धा परत करायची ठेवली नव्हती.

मोठी झाल्यावर लूक 13 वाचला. शिलोहात बुरूज पडून अठरा जण मेले, ते काय इतरांपेक्षा जास्त पापी होते का, असं येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. मग ते का मेले, हे मात्र सांगत नाही. उलट ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करा म्हणतो. मला आधी त्याचा राग आला होता. आता वाटतं, निदान खोटं कारण तरी दिलं नाही.

मांजराकाठच्या भाऊंचं वेगळं आहे. तिथं भिंत नाही, माणूस आहे. त्यावर मला बोलता येत नाही.

खुरपं
मी बोलतो, मी शेतकरी आहे. (चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो, हेही आधीच सांगतो.)

हा दृष्टांत शेतकऱ्याला पहिल्यांदा ऐकला की पटत नाही. ज्वारीत टारफुला झाला तर आम्ही कापणीपर्यंत थांबतो का? फुलायच्या आत उपटतो, नाहीतर एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि ते बी वर्षानुवर्षं जमिनीत राहतं. पण टारफुला ज्वारीच्या मुळातच मूळ घालतो. तो जमिनीच्या वर दिसतो त्याच्या आधीच ज्वारी पिवळी पडलेली असते. निदणाचं तर ओंबी पडेपर्यंत पान गव्हासारखंच. दृष्टांतातला रानाचा मालक म्हणतो ते एवढंच, की तुम्ही उपटायला गेलात तर गहूही उपटाल. आणि हा मालक गड्यांना खुरपं देत नाही, याचं कारण मला लूक 9 मध्ये सापडतं. शोमरोनी गावानं येशूला उतरायला जागा दिली नाही म्हणून त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून आग पाडू का विचारायला लागले! त्या दोघांच्या हातात खुरपं दिलं असतं तर रान शिल्लक राहिलं असतं?

सेवक दादांनी एक गोष्ट वगळली. त्या दृष्टांतात गडी विचारतात, निदण आलं कुठून? मालक म्हणतो, वैऱ्यानं केलं. 'तुमच्या परीक्षेसाठी मीच पेरलं' असं तो म्हणत नाही.

व्याजाचं उत्तर माझ्याकडं नाही, भाऊ. एवढंच सांगतो, स्तोत्र 13 च्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' चार वेळा येतं, आणि प्रकटीकरण 6 मध्ये वेदीखालचे हुतात्मे स्वर्गात पोचूनसुद्धा तेच विचारतात. त्यांना गप्प बसा कुणी म्हटलं नाही. थोडं थांबा म्हटलं, हे खरं.

मांजराकाठचा
वैऱ्यानं केलं, हे मी इतक्यांदा ऐकलं पण त्यावर कधी थांबलो नव्हतो. 'थोडं थांबा' मात्र पचत नाही. वडिलांनाही तेच म्हणायचो.

बार रूमचा कोपरा
तुम्ही सगळे कापणीचं बोलायलात, मी कोर्टात उभा असतो म्हणून वेगळं सांगतो. दृष्टांतात माणूस उपटू नका म्हटलंय. खरेदीखताला धक्का लावू नका असं कुठं म्हटलंय? 2014 चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करता येतो. मुदतीचा प्रश्न असतो, त्यामुळं उशीर करू नका. त्या माणसाकडं परवाना आहे का? व्याज दिल्याचं काही लेखी?

मांजराकाठचा
परवाना कुठला. वडिलांची वही आहे, संडे स्कूलच्या जुन्या हजेरी वहीची मागची पानं. साडेसात, साडेसात, साडेसात, अशी ओळीनं लिहिलीत, प्रत्येकापुढं तारीख. त्याची सही एकदाही नाही. चालेल का?

बार रूमचा कोपरा
घेऊन या. खरेदीखताची नक्कल आणि सगळे फेरफारही आणा. आणि पैसे देताना कोण सोबत असायचं, ते आजच आठवून लिहून काढा.

मांजराकाठचा
बऱ्याचदा मीच असायचो.