विषय: बोका परवापासून घरात नाही

नमस्कार मंडळी,

यादीवर असला विषय टाकतेय, सांभाळून घ्या. परवा रात्री सामान हलवताना मागचं दार जरा उघडं राहिलं आणि आमचा बोका सटकला. करडा, पोट पांढरं, उजव्या कानाला खाच. सात वर्षांत कधी उंबरा ओलांडला नव्हता. दोन दिवस गाडी घेऊन पार लांबलांब हिंडलो, हाका मारून घसा बसलाय. लेकाला तर जेवणच जात नाहीये. बोक्याला कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप आहे. तिच्यावरून तो आत्ता कुठे आहे ते कळेल का?

– बोक्याची आई

----

ताई, आधी गाडी घरी लावा.

चिपवरून ठावठिकाणा कळत नाही. तांदळाच्या दाण्याएवढी ती, आत बॅटरीसुद्धा नसते. स्कॅनर जवळ नेला की १५ आकडी नंबर तेवढा दाखवते. तो नंबर कुठल्या नोंदणीत आहे आणि तिथे कुणाचा फोन लिहिलाय, यावर पुढचं सगळं. तुम्ही मागच्या वर्षीच देश बदललात ना? मग आज ती नोंद उघडून बघाच. मी रविवारी हरवलेल्या-बेवारस प्राण्यांच्या शेल्टरमध्ये मदतीला जातो. चिप सापडते, फोन लावतो, आणि नंबर बंद. अमेरिकेतल्या ५३ शेल्टरांची पाहणी २००९ मध्ये छापून आली होती. चिप असूनही मालक न सापडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच निघालं, चुकीचा किंवा बंद पडलेला फोन.

आता बोका. २०१८ मध्ये हरवलेल्या १,२१० मांजरांचा अभ्यास आला. सापडलेल्यांपैकी चारांतली तीन मांजरं ५०० मीटरच्या आतच होती. त्यात तुमचा तर घरकोंबडा. तो कुठेतरी अगदी जवळ अंग चोरून बसला असेल आणि तुमच्या हाकेलाही ओ देणार नाही. घाबरलेलं मांजर आवाज करत नाही. रात्री सगळं सामसूम झालं की टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरून पायऱ्यांखाली, शेडमागे, झुडपांत मारा. डोळे चमकतात, ते आधी दिसतात. शेजाऱ्यांना ‘दिसला तर सांगा हं’ एवढ्यावर सोडू नका, ‘मी येऊन बघू का?’ विचारा. आपल्याच शेडमध्ये वाकून कोण बघतो!

– शेल्टरवाला काका

----

काकांचं सगळं बरोबर, पण ताई, कानाची खाच लिहायला नको होती. एक खूण हातची राखून ठेवा, ‘सापडला’ म्हणणाऱ्याला तीच विचारायची. माझी कुत्री हरवली तेव्हा एकाने मेसेज केला, ‘आहे माझ्याकडे, पण तुम्हीच मालक हे कळायला तुमच्या फोनवर आलेला कोड सांगा.’ मी गाढव, सांगून टाकला. कुत्री त्याच्याकडे नव्हतीच, माझं खातं मात्र गेलं.

ती नंतर मैदानात दिसली. मी धावलो, तीही धावली, उलट्या दिशेने. शेवटी तिच्याकडे पाठ करून गवतात बसलो, तेव्हा आली. कुत्रेवाल्यांनो, पाठलाग करू नका.

– गवतात बसलेला

----

मंडळी, सापडला!

काल रात्री अडीचला, चार घरं सोडून, लाकडी पायऱ्यांच्या खाली. त्याच घराच्या दारावरून मी गाडीने किती वेळा गेले असेन. टॉर्चमध्ये दोन हिरवे ठिपके दिसले. मी हाक मारली तर आणखी आत सरकला. मग लेक जमिनीवर आडवा झाला आणि काही न बोलता नुसता हात पुढे करून पडून राहिला. वीसेक मिनिटांनी नाक लागलं हाताला.

काका, नोंद उघडली. त्यात आमचा जुन्या देशातला फोन होता, केव्हाच बंद केलेला. आज बदलला. दुसरा म्हणून माझ्या बहिणीचाही घातलाय.

संध्याकाळी खांबांवरची पत्रकं काढायला निघतेय. वीस चिकटवली होती. कुठे राहिलेली दिसली तर काढून टाका प्लीज.

– बोक्याची आई